तानपुरा ब्लूटूथवर चालेल, रेकॉर्डिंग नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गाणं शिकवता. नव्या फोनला हेडफोनची पिन घालायला भोकच नाही. घरात सोनीचा एमडीआर-७५०६ हा वायरचा हेडफोन चांगल्या अवस्थेत पडून आहे. मुलाने ब्लूटूथचे इअरबड्स आणून दिले. ते कानात घालून तानपुरा-तबल्याच्या ॲपवर रियाज केला की सूर आणि लय दोन्ही डगमगल्यासारखे वाटतात, त्याच ॲपबरोबर गाऊन रेकॉर्ड केलं की गाणं तबल्याच्या मागे पडतं, आणि परदेशातल्या विद्यार्थिनी म्हणतात की ऑनलाइन क्लासमध्ये तुमचा आवाज कोंदट येतो. शेवटी तुम्ही विचारलंत की वायरलेसने सूर बिघडतो का, आणि जुना हेडफोन विकून टाकावा का.

सूर बिघडत नाही, आणि हेडफोन विकू नका. मधल्या तक्रारींचं मूळ मात्र एक नाही. लय मागे पडण्याचं कारण वेगळं, कोंदट आवाजाचं वेगळं. मी पुण्यात रेकॉर्डिंगचं काम करतो आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या संगतीतच बहुतेक वेळ जातो, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतोय. ज्यांना लोकलमध्ये बसून मालिका बघायच्या आहेत त्यांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांनी खुशाल वायरलेस वापरावं.

वायर बरी की वायरलेस, हा वाद लोक नेहमी आवाजाच्या दर्जावरून घालतात. आकडे बघितले तर त्यात तथ्य वाटतं. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट जागा घेतो. ब्लूटूथच्या स्टीरिओ हेडफोनांना सक्तीचा असलेला एसबीसी नावाचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून कमी जागेत बसवायची पद्धत, तोच आवाज साधारण ३२८ किलोबिटांत बसवतो, म्हणजे पाव हिश्शाहूनही कमी. आयफोन त्याऐवजी एएसी वापरतो. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून सोनीचा एलडॅक आला, तो ९९० किलोबिटांपर्यंत जातो, अर्थात हेडफोनलाही एलडॅक येत असेल तर. पण काय गाळायचं हे कोडेक आंधळेपणाने ठरवत नाही. कानाला जे ऐकूच येणार नाही तिथे तो आधी कात्री लावतो. चांगल्या इअरबड्सवर एएसी आणि वायर यांतला फरक शांत खोलीत, ओळखीच्या रेकॉर्डिंगवर, मन लावून ऐकला तरच सापडतो, आणि अनेकांना तेव्हाही सापडत नाही. इअरबडची रबरी टोपी कानात नीट न बसल्याने खर्जाचं जे नुकसान होतं ते कोडेकपेक्षा कितीतरी मोठं असतं. टोप्यांचे दोन-तीन आकार डब्यात येतात. आधी ते बदलून बघा, मग कोडेकला दोष द्या.

सुराचं म्हणाल तर कोडेक आवाजातले बारीक तपशील गाळतो, पण स्वराची जागा हलवत नाही. काळी चारचा सा साधारण २०८ हर्ट्झचा. तो वायरमधून आला काय आणि हवेतून आला काय, २०८च राहतो. तरीही सूर भरकटल्यासारखा वाटतो, हा तुमचा अनुभव खरा आहे. त्याचं कारण कान बुजण्यात आहे. आपला स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो. कानाचं भोक टोपीने घट्ट बुजलं की हाडांतून आलेला आवाज आत कोंडतो, त्यातला खर्ज फुगतो, आणि हवेतून येणारी स्वच्छ बाजू मात्र दबते. मग गाणारा नकळत आवाज लहान करतो किंवा स्वर नेमका कुठे लागला ते चाचपत बसतो. कानात घुसणाऱ्या वायरच्या इअरफोननेही अगदी हेच होतं. स्टुडिओत गायक हेडफोनची एक बाजू कानामागे सरकवतात ते याचसाठी. तुम्हीही एकच इअरबड लावा आणि दुसरा कान मोकळा ठेवा. एक काढला की वाजणं थांबत असेल तर ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

आणखी एक. आजूबाजूचा गोंगाट कापणारी जी सोय असते, एएनसी, ती रियाजाला बंद ठेवा. ती सखल आणि सलग आवाज सगळ्यांत छान कापते. पंख्याची घरघर, विमानाचं इंजिन. दुर्दैवाने खऱ्या तानपुऱ्याचा खर्ज आणि हार्मोनियमचा सा हेही सखल आणि सलगच असतात. शेजारी बसून कुणी तानपुरा छेडत असेल तर यंत्र तुमच्या कानातून त्याचा पाया काढून घेतं आणि वरची झणझण तेवढी ठेवतं.

आता वेळेकडे येतो, कारण वायर आणि वायरलेस यांच्यातला खरा फरक तिथे आहे. फोन आवाजाचे तुकडे करतो, ते कोडेकमधून काढतो, रेडिओने पाठवतो, इअरबड ते गोळा करून उलगडतो आणि मग वाजवतो. हे सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि त्याच पट्ट्यात तुमचं वायफाय, शेजाऱ्यांचं वायफाय आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही असतो. टक्कर टाळायला ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं, तरी काही तुकडे हरवतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. शिवाय आपलं शरीर म्हणजे बहुतांश पाणी, आणि पाणी या लहरी शोषतं. फोन मागच्या खिशात असला की आवाज तुटतो तो म्हणूनच. हरवलेला तुकडा परत येईपर्यंत गाणं थांबू नये म्हणून इअरबड थोडा साठा हाताशी ठेवूनच वाजवायला लागतो. हा साठा म्हणजेच उशीर. नेहमीच्या ब्लूटूथवर तो १५० ते २५० मिलिसेकंदांच्या घरात असतो. वायरमध्ये फोनचा स्वतःचा जो काही उशीर असेल तेवढाच. तारेचा असा काही नाही.

हिशेबाला सोपं म्हणून २०० मिलिसेकंद धरा. मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची, म्हणजे उशीर अर्ध्या मात्रेचा झाला. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत लयीत तो पूर्ण एका मात्रेचा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या मापाने तुमचा तबलजी जवळपास ६८ मीटरांवर, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बसलाय असं समजा.

पण इथेच बहुतेक लोक घाईने चुकीचा निष्कर्ष काढतात. तुम्ही ब्लूटूथवर तबला ऐकताय आणि मोकळ्या आवाजात त्याबरोबर गाताय, एवढंच असेल तर या उशिराने काहीही बिघडत नाही. ठेका कानात २०० मिलिसेकंद उशिरा येतो, पण प्रत्येक मात्रा सारख्याच उशिराने येते, आणि तुम्ही गाता ती कानात आलेल्या ठेक्याबरोबर. फोनमध्ये सम कधी झाली याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. घोळ होतो तो तुम्ही त्याच वेळी पडद्यावर सरकणाऱ्या मात्रांचे आकडे बघत असाल तर. डोळ्याला दिसणारी सम आधी येते आणि कानातली नंतर. तुमची लय डगमगते ती बहुधा त्यामुळेच. फोन पालथा ठेवून महिनाभर रियाज करून बघा.

(सिनेमात हे जाणवत नाही, कारण व्हिडिओ दाखवणारी ॲप्स हेडफोनचा उशीर विचारून घेतात आणि चित्रच तेवढं मागे ठेवतात. सिनेमा आधीच तयार असतो, त्यामुळे ते जमतं. बोट टेकवल्यावर स्वर वाजायला हवा अशा पेटीच्या ॲपला किंवा गेमला हे शक्य नाही. बोट कधी टेकणार हे त्याला आधी कसं कळणार?)

उशीर नडतो तो तुमचा आवाज फोनमध्ये परत शिरतो तेव्हा. रेकॉर्डिंगमध्ये नेमकं हेच होतं. ॲप तबला वाजवतं, तो २०० मिलिसेकंदांनी तुमच्या कानात येतो, तुम्ही अगदी समेवर गाता, माइक ते टिपतो, आणि ॲप ते मूळ तबल्याशेजारी ठेवतं. तुमची चूक नसताना गाणं २०० मिलिसेकंद मागे पडलेलं दिसतं. वायरच्या जोडणीतला छोटासा उशीर रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर आपण होऊन भरून काढतात. ब्लूटूथचा उशीर त्यांना बऱ्याचदा धड कळतच नाही, कारण तो इअरबडागणिक बदलतो आणि जोडणी तुटून पुन्हा लागली की त्याच इअरबडवरही थोडा वेगळा निघतो.

रेकॉर्डिंग आधीच ब्लूटूथवर झालं असेल तर ते फेकून देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा ट्रॅक डावीकडे सरकवला की बसतो. किती सरकवायचा हे कळायला गाणं सुरू करण्याआधी तबल्याच्या पहिल्या आवर्तनात समेवर माइकजवळ एक टाळी द्यायची सवय लावून घ्या. टाळीचा उंचवटा लहरींच्या चित्रात ठळक दिसतो. तो समेच्या ठोक्यावर आणून ठेवला की मागचं सगळं आपोआप जागेवर येतं. माझ्याकडे घरून रेकॉर्ड करून पाठवणाऱ्या सगळ्यांना मी ही टाळी द्यायला सांगतो, मग वायर असो की नसो.

स्वतःचाच आवाज ब्लूटूथमधून कानात घेत गाण्याचा प्रयत्न तर करूच नका. आपला आवाज साधारण २०० मिलिसेकंद उशिरा कानावर आला की बोलणारा माणूससुद्धा अडखळतो, तोतरं बोलू लागतो. गाण्यात तान घेणं विसराच.

मग मंचावरचे गायक कानात वायरलेस घालून कसे गातात, असा प्रश्न लगेच येतो. ते ब्लूटूथ नसतं. मंचावरच्या इन-इअर मॉनिटरांचे प्रचलित संच यूएचएफ पट्ट्यातल्या साध्या ॲनालॉग रेडिओवर चालतात, तुकडे-कोडेक-साठा काही नाही, त्यामुळे उशीरही जवळपास नाही. किंमत मात्र तुमच्या फोनपेक्षा जास्त असू शकते. फोनच्या जगात सुधारणा होते आहे. २०२० साली जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत एलसी३ नावाचा नवा कोडेक आहे आणि त्याचा उशीर जुन्या पद्धतीपेक्षा बराच कमी असतो. गेम मोड असलेले इअरबड्सही साठा कमी करून उशीर घटवतात, बदल्यात आवाज मधूनमधून तुटण्याचा धोका पत्करतात. पण एलई ऑडिओ फोन आणि इअरबड या दोघांनाही यावा लागतो, आणि तरीही वायरशी बरोबरी होत नाही. रेकॉर्डिंगसाठी म्हणून त्याच्यावर पैसे घालू नका.

आता क्लासमधला कोंदट आवाज. यात इअरबडचा आवाज वाईट नाही, माइक सुरू होणं वाईट आहे. गाणी ऐकायची ब्लूटूथची पद्धत आणि फोनवर बोलायची पद्धत या दोन वेगळ्या आहेत. गाण्याची पद्धत एकाच दिशेने वाहते. बोलायचं म्हटलं की इअरबडचा माइक लागतो, आणि तेवढ्यासाठी जोडणी दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीवर उतरते. तिथे आवाज सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० वेळा मोजला जातो. म्हणजे पहिल्या प्रकारात ४ किलोहर्ट्झच्या आणि दुसऱ्या प्रकारात ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं साफ. आवाजातली तेजी, तानपुऱ्याची जवारी, 'स'कार-'श'कारांमधला फरक यांतलं बरंचसं त्याच भागात राहतं. शिवाय त्या वेळी तुमच्या कानात येणारा आवाजही त्याच पातळीवर घसरतो आणि एकपदरी होतो. म्हणून दोन्ही बाजूंना वाटतं की समोरच्याचं नेट खराब आहे.

यावर तुमचा जुना हेडफोन हेच उत्तम औषध आहे, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. त्याला माइकच नाही. त्याच्या पिनेवर दोन काळ्या रेघा आणि तीन भाग आहेत: डावा, उजवा आणि जमीन, म्हणजे दोन्हींची परतीची सामाईक तार. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेला तीन रेघा आणि चार भाग असतात, चौथा माइकचा. माइक नसलेला हेडफोन लावला की फोन स्वतःचा माइक वापरतो, आणि आजच्या कुठल्याही बऱ्या फोनचा माइक इअरबडच्या माइकपेक्षा गाण्याला सरस असतो. फोन तोंडासमोर हातभर अंतरावर, थोडा तिरका ठेवा. वेळ आली तर पुढे साधा लॅव्हेलिअर, म्हणजे कपड्याला अडकवायचा माइक घेता येईल, पण आधी हे करून बघा.

त्याबरोबर क्लासच्या ॲपमधलं एक सेटिंग बदला. व्हिडिओ कॉलची ॲप्स पार्श्वभूमीचा सलग आवाज गोंगाट समजून पुसतात, आणि तानपुऱ्याइतका सलग आवाज दुसरा कुठला? विद्यार्थिनींना तानपुरा येतो-जातो असं ऐकू येत असेल तर दोष नेटचा नाही. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, खास संगीतकारांसाठी ठेवलेली. ती सुरू करा. ती सुरू असताना हेडफोन लावणं गरजेचं असतं, नाहीतर तुमच्या स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून घुमतो. आणि हेडफोन कुठलाही घेतलात तरी ऑनलाइन एकत्र गाणं जमणार नाही, हे विद्यार्थिनींना आधीच सांगून टाका. पुणे ते न्यू जर्सी जाऊन-येऊन नेटच्या वाटेचाच उशीर लयीला पुरून उरतो. त्यांनी त्यांच्याकडचा तानपुरा लावावा आणि तुमच्या मागून म्हणावं.

फोनमधून हे भोक गेलं कसं, असंही तुम्ही वैतागून विचारलं आहे. वैताग रास्त आहे, पण थोडा इतिहास बघितला तर ते भोक फोनमध्ये फार जुनं नव्हतंच. ही पिन मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजची. तिथली जाडी पिन, ६.३५ मिलिमीटरची, अजून गिटारला आणि आमच्या मिक्सरला लागते. ट्रान्झिस्टर रेडिओसाठी तिची लहान बहीण आली, ३.५ मिलिमीटरची, आणि १९७९ साली सोनीच्या वॉकमनने ती घरोघर नेली. मोबाइलवाल्यांनी मात्र सुरुवातीला तिला दाराशीच ठेवलं. नोकियाचा पॉप-पोर्ट, सोनी एरिक्सनचा फास्ट पोर्ट, कुणाची २.५ची पिन. ज्याचा फोन त्याचाच इअरफोन. २००७चा पहिला आयफोन ३.५ची पिन घ्यायचा, पण भोक इतकं आत होतं की बाहेरच्या अनेक हेडफोनांच्या पिना त्यात बसतच नसत. नोकियाचा ५८०० एक्सप्रेसम्युझिक आला तेव्हा, म्हणजे २००८च्या सुमारास, हे भोक हळूहळू सगळीकडे दिसू लागलं.

त्यातही गोंधळ होता. चार भागांच्या पिनेत माइक आणि जमीन यांच्या जागा दोन प्रकारच्या होत्या. एका प्रकारचा इअरफोन दुसऱ्या प्रकारच्या फोनला लावला की गायक गायब व्हायचा आणि मागची वाद्यं लांबून आल्यासारखी वाजायची. जमिनीची तार सुटल्यामुळे डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू यायचा, आणि गायक तर दोन्हींकडे सारखाच असतो. अर्धवट घातलेली पिनसुद्धा हीच करामत करते. कॉलेजातल्या मुलांनी फुकटच्या कॅराओकेसाठी तिचा यथेच्छ उपयोग करून घेतला.

मग ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलने आयफोन ७ दाखवला, त्यात ते भोक नव्हतं. ॲपलचे मार्केटिंग प्रमुख फिल शिलर यांनी मंचावरून या निर्णयाचं श्रेय धैर्याला दिलं आणि जगभर त्याची टिंगल झाली. भोक काढण्यात ॲपल पहिलं नव्हतंच. ओप्पोचा फाइंडर २०१२ मध्येच भोकाशिवाय आला होता, २०१६च्या एप्रिलमध्ये लेइकोचे फोन आणि जूनमध्ये मोटो झेड. पण ॲपलने त्याच दिवशी एअरपॉड्सही दाखवले, ते डिसेंबरात विक्रीला आले, आणि फोनशी जोडायला डबीचं झाकण उघडणं पुरायचं. तोवर ब्लूटूथचा हेडफोन जोडणं हा मनस्ताप होता. लोकांनी वायर सोडली ती मला वाटतं या झाकणामुळे.

जागा वाचते, पाणी शिरत नाही, फोन पातळ होतो, ही जी कारणं सांगितली गेली त्यांतलं जागेचं खरं आहे. १४ मिलिमीटर लांबीची पिन आत घ्यायची म्हणजे बॅटरीच्या हद्दीत शिरावं लागतं. बाकीची दोन मला कधी पटली नाहीत. विवोचा एक्स५ मॅक्स २०१४ मध्ये ४.७५ मिलिमीटर जाडीचा होता आणि त्यात भोक होतं. सॅमसंगचे एस७ ते एस१० पाण्यात टिकायचे आणि त्यांतही होतं. २०१७ मध्ये स्कॉटी ॲलन नावाच्या एका उद्योगी माणसाने शेन्झेनच्या बाजारातले सुटे भाग घेऊन आयफोन ७ मध्ये चालतं भोक बसवून दाखवलं, आणि त्याचा व्हिडिओ गाजला. सॅमसंगने त्याच वर्षी जाहिरातीत आयफोनवाल्यांच्या ॲडॉप्टरची थट्टा केली, आणि २०१९च्या नोट १० मधून स्वतःचं भोक काढलं. २०२० साली आयफोनच्या डब्यातून इअरफोनही गेले. एकट्या फ्रान्समध्ये कायद्यामुळे ते २०२२च्या सुरुवातीपर्यंत द्यावे लागले. उलट दिशेने जाणारं उदाहरण सोनीचं. एक्स्पीरिया १ मध्ये भोक नव्हतं, २०२०च्या पुढच्या आवृत्तीत परत आलं.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. स्वस्त फोनांत भोक अजून पुष्कळ ठिकाणी सापडतं, आणि इअरबड गर्दीत पडून हरवतो या भीतीने गळ्यात अडकवायचा नेकबँड इथे जोरात चालला. डिलिव्हरीवाल्या मुलांच्या गळ्यात तो दिवसभर असतो. एक नुकसान मात्र कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. फोनमधल्या एफएम रेडिओला वायरच अँटेना म्हणून लागायची. वायर गेली तशी फोनवरची आकाशवाणीही गेली. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना एफएमची सोय चालू ठेवायला सांगणारी सूचना काढली होती, पण अँटेना कुठून आणायची हा प्रश्न राहतोच.

आता तुमचा ७५०६ नव्या फोनला जोडायचा कसा. यूएसबी-सी ते ३.५ असा आखूड ॲडॉप्टर लागेल, आणि तो घेताना एकच गोष्ट विचारा: त्यात डॅक आहे का? म्हणजे डिजिटल आवाजाचा विजेच्या लहरीत बदल करणारी चिप. बिनडॅकचा ॲडॉप्टर नुसत्या तारा जोडतो आणि काही मोजक्या फोनांवरच चालतो. डॅकवाला जवळपास सगळ्यांवर चालतो. दुकानदाराला उत्तर देता येत नसेल तर स्वतःच्या फोनवर लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. ॲपलचा यूएसबी-सीचा ॲडॉप्टर आवाजाला उत्तम आहे, पण कित्येक अँड्रॉइड फोनांवर तो बारीक वाजतो, तेव्हा तोही ऐकूनच. ७५०६चा रोध ६३ ओहम आहे, साधा डॅक त्याला आरामात वाजवतो. ३०० ओहमचा सेनहायझर एचडी ६०० असता तर वेगळा ॲम्प्लिफायर घ्या म्हणालो असतो.

७५०६ची वायर गुंडाळीची आणि वजनदार आहे. ती ॲडॉप्टरला ओढते आणि ॲडॉप्टर फोनचं यूएसबीचं तोंड सैल करतो. ते तोंड सैल झालं की चार्जिंगही गेलं. म्हणून कडक, एकसंध ठोकळ्यासारखा ॲडॉप्टर घेऊ नका, बोटभर लवचीक वायरचा घ्या. फोन स्टँडवर ठेवा आणि हेडफोनची वायर टेबलाला चिकटपट्टीने अडकवून टाका. एका वेळी चार्जिंग आणि ऐकणं हवं असेल तर दोन तोंडांचा ॲडॉप्टर मिळतो. क्लास तासाभरापेक्षा लांबत असतील तर तोच घ्या. फोन बदलायची वेळ येईल तेव्हा भोक असलेला मध्यम किमतीचा फोन शोधायलाही हरकत नाही, पण केवळ त्याकरता आत्ता फोन बदलू नका.

इअरबड्स ठेवाच, तानपुऱ्यासाठी आणि फिरताना ऐकण्यासाठी. फक्त ते किती दिवस चालतील याची अपेक्षा नीट ठेवा. एकेका बडमध्ये काही मोजक्या मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी असते, रोज एक-दोनदा रिकामी होते, आणि दोन-तीन वर्षांत तिची दमछाक दिसू लागते. बहुतेक बड्स गोंदाने बंद केलेले असतात. एअरपॉड्सना दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिट या उपकरणं उघडून तपासणाऱ्या संकेतस्थळाने दहापैकी शून्य गुण दिले होते. दुसरीकडे सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८चा हेडफोन, त्याचा सुटा भाग न् भाग अजून मिळतो. त्यामुळे बड्सवर फार मोठी रक्कम घालणं मला पटत नाही. आहेत ते न वापरता कपाटात ठेवायचे असतील तर अधूनमधून चार्ज करा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी महिनोन्महिने तशीच पडली की मरते.

एका बडचा आवाज कमी झाला की लोक तो फेकतात. आधी जाळी बघा. कानातला मळ साचून ती बुजते. सुक्या मऊ ब्रशने, बड उलटा धरून साफ करा, पाणी नको. एक बड चार्जच होत नसेल तर डबीतल्या बारीक पितळी पिनांवर घामाचा थर असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसला की बहुतेक वेळा जीव येतो. आणि आवाज फार मोठा ठेवू नका, बड असो की हेडफोन. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे, मुलांसाठी ७५. तुमच्या लहान विद्यार्थिनींच्या आयांना हे जरूर सांगा.

७५०६च्या कानांवरचं काळं रेग्झिन एव्हाना सोलवटायला लागलं असेल. आपल्या हवेत ते फार टिकत नाही, कोकणात तर त्याहून कमी. त्याचे पॅड सुटे मिळतात, बोटांनीच काढता-घालता येतात. बाहेरची कड गोलाकार ओढली की जुना निघतो, नवा त्याच खाचेत सरकवायचा. आतली पातळ जाळी तेवढी जपा, ती नवीन पॅडबरोबर येतेच असं नाही.